आवाज आणि ओठ यांची चुकामूक: लांब व्हिडिओतील दोष एफएफप्रोबने कसा शोधावा

तासाभरापेक्षा लांब व्हिडिओ संपादनासाठी टाइमलाइनवर घेतला की सुरुवातीला सर्व काही जुळलेले असते आणि शेवटाकडे जाताना ओठ एकीकडे व आवाज दुसरीकडे अशी स्थिती होते, ही तक्रार माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येते. प्रत्येक वेळी तक्रार करणाऱ्याने तोवर फाइल दोन-तीन वेळा कुठल्या तरी कन्व्हर्टरमधून काढलेली असते, आणि मूळ दोष काय होता हे कळण्याचा मार्ग त्याने स्वतःच अर्धा बुजवलेला असतो. म्हणून रूपांतराला हात घालण्यापूर्वी एफएफप्रोब या फाइल तपासण्याच्या साधनाने फाइललाच प्रश्न कसे विचारावेत, ते येथे एका प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधारे लिहीत आहे.

प्रसंग नागपुरातल्या महाल भागातील एका सभागृहात झालेल्या कीर्तनाचा आहे. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होता, कूलर पूर्ण वेगाने चालू होते आणि बुवांच्या समोर तिवईवर लावलेल्या मोबाइलने १ तास १२ मिनिटांचे चित्रण एका दमात केले होते. संपादनाचे काम आयोजक समितीतील एका कार्यकर्त्या मुलाकडे होते. तीन दिवसांनी समितीच्या काकांचा मला फोन आला: "भाऊ, आरतीच्या वेळी बुवांचे ओठ आधी हलून राहिले अन् आवाज मागून येऊन राहिला. मोबाइलवर पाहिलं तर बरोबर आहे, कॉम्प्युटरवरच बिघडते." काकांच्या या दुसऱ्या वाक्यातच निदानाची निम्मी वाट होती, पण ते माझ्या लक्षात यायला मला एक चूक करावी लागली.

मोबाइलवर बरोबर आणि संपादनात चूक, असे का होते? व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमबरोबर, म्हणजे एकेका स्थिर चित्राबरोबर, ती कोणत्या क्षणी दाखवायची याची वेळ नोंदवलेली असते. साधा प्लेअर ही वेळ पाळतो. एखादी फ्रेम उशिरा आली असेल तर तो थांबतो आणि आवाजाशी मेळ राखतो. काही संपादन प्रणाली मात्र सेकंदाला ३० फ्रेम असे एकदा गृहीत धरले की पुढे फ्रेम मोजत जातात आणि नोंदवलेल्या वेळेकडे पाहतच नाहीत. मोबाइलने सगळीकडे ठरल्याप्रमाणे ३० फ्रेम टिपल्या असतील तर दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते. त्याने कुठे कमी टिपल्या असतील, तर मोजणीचे चित्र आवाजाच्या पुढे धावते. दोन्ही ठिकाणी एकच फाइल असूनही एका ठिकाणी ती निर्दोष आणि दुसऱ्या ठिकाणी सदोष दिसते ती यामुळे, आणि म्हणून "प्लेअरमध्ये तर ठीक दिसते" हा फाइल निर्दोष असल्याचा पुरावा मानता येत नाही.

मूळ फाइल मिळवण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. काकांनी प्रथम मला व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा तुकडा कापून पाठवला. मी मूळ फाइल मागितली तर ते म्हणाले, "तोच तर व्हिडिओ आहे ना भाऊ!" तो तोच व्हिडिओ नसतो. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेत नव्याने संकुचित होते, तिचा बिटरेट, आकारमान आणि पुष्कळदा फ्रेमच्या वेळासुद्धा बदलतात, त्यामुळे तिच्यावर केलेली तपासणी मूळ फाइलबद्दल काहीही सांगत नाही. मूळ फाइल नऊ जीबीच्या आसपास होती, ती कार्यकर्त्याने पेनड्राइव्हवर आणली. तीही दुसऱ्या खेपेला, कारण पहिला पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही.

तपासणीसाठी मी एफएफप्रोब वापरतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पाचा तो भाग आहे, आणि उबुंटूवर एफएफएमपेग नावाचे पॅकेज बसवले की तो आपोआप येतो. विंडोजवर झिप उघडून त्यातील बिन फोल्डरचा पत्ता पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जेथे शोधते त्या यादीत) घालावा लागतो; तो घातला नाही तर "ही कमांड ओळखता येत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो आणि लोक प्रोग्रॅम बिघडला असे समजतात. मीडियाइन्फो हेही चांगले साधन आहे आणि घाईत असेन तर मी तेच उघडतो, कारण ते फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता हे सरळ शब्दांत लिहून देते. पण बदल नेमका कुठे झाला, हे विचारायचे तर एफएफप्रोबकडेच यावे लागते.

पुढील कमांड वाचण्याच्या सोयीसाठी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टंकायच्या आहेत. पहिली कमांड अशी:

एफएफप्रोब -व्ही एरर -शो_एन्ट्रीज स्ट्रीम=कोडेक_नेम,आर_फ्रेम_रेट,एव्हीजी_फ्रेम_रेट,एनबी_फ्रेम्स,स्टार्ट_टाइम,ड्युरेशन,सॅम्पल_रेट कीर्तन.एमपी४

"-व्ही एरर" लिहिल्याने सुरुवातीची लांबलचक माहिती गळते आणि आपण मागितलेल्या ओळीच तेवढ्या उरतात. कीर्तनाच्या फाइलने दिलेली उत्तरे पुढीलप्रमाणे होती. आकडेमोड डोळ्यांसमोर राहावी म्हणून अपूर्णांकांची शेपटे मी छाटली आहेत. चित्राच्या स्ट्रीममध्ये (फाइलमधील चित्राच्या धारेत) आर फ्रेम रेट, म्हणजे साधनाने अंदाजलेली मूळ गती, ३०/१, सरासरी फ्रेम रेट ४३१५/१४४, एकूण फ्रेम १,२९,४५०, सुरुवात ० आणि कालावधी ४३२० सेकंद. आवाजाच्या स्ट्रीममध्ये सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) ४८,०००, सुरुवात ० आणि कालावधी तोच ४३२० सेकंद. आवाजाच्या रकान्यात दोन्ही फ्रेम रेट ०/० असे दिसतात, तो दोष नव्हे. आवाजाला चित्राच्या अर्थाने फ्रेम रेट नसतोच.

आता हे आकडे वाचू. सेकंदाला ३० या हिशेबाने ४३२० सेकंदांत १,२९,६०० फ्रेम हव्या होत्या. प्रत्यक्षात १५० कमी आहेत. संपादन प्रणालीने उपलब्ध १,२९,४५० फ्रेम ३० च्या गतीने लावल्या तर चित्र ४३१५ सेकंदांत संपते आणि आवाज आणखी ५ सेकंद चालू राहतो. ओठ आधी आणि आवाज मागून, हे काकांचे वर्णन या हिशेबाशी तंतोतंत जुळत होते.

मी चुकलो तो याच टप्प्यावर. ४३१५ ला १४४ ने भागले की २९.९६५ येते, आणि या धंद्यात वावरणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांना हा आकडा २९.९७ असाच दिसतो. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरताना रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी झगडू नये म्हणून ३० ची गती किंचित कमी करण्यात आली आणि ती ३००००/१००१ झाली. आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीमुळे २५ ची गती रूढ होती, त्यामुळे हा विचित्र अपूर्णांक आपल्या वाट्याला खरे तर यायला नको होता. तो कॅमेरे, ड्रोन आणि स्क्रीन रेकॉर्डर यांच्यामार्फत आला. फाइल २९.९७ ची असून टाइमलाइन ३० ची असली की दर तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते, आणि तिचा उपाय अगदी सोपा असतो: संपादन प्रणालीला क्लिपची खरी गती सांगायची, फाइलला हातही लावायचा नाही. मी कार्यकर्त्याला तेच सांगितले. त्याने सुरुवात आणि शेवट पाहिला, शेवटी फक्त पाऊण सेकंदाच्या आतली तफावत होती, ती त्याने कापून बसवली आणि आम्ही दोघेही मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी मधला भाग बिघडला होता आणि तोही उलट्या दिशेने: चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास आवाज आधी येत होता आणि ओठ दोन-अडीच सेकंद मागे होते. काका वैतागले नाहीत, पण "आधीचंच बरं होतं" एवढे म्हणालेच.

त्यांचे म्हणणे खरे होते. सरासरी म्हणजे सरासरी; हरवलेल्या १५० फ्रेम संपूर्ण चित्रणात सारख्या पसरल्या आहेत की एकाच ठिकाणी गेल्या आहेत, हे तिच्यावरून कळत नाही. आर फ्रेम रेट ३०/१ दाखवत होता, पण एफएफएमपेगच्या दस्तऐवजातच तो एक अंदाज असल्याचे म्हटले आहे, आणि सुरुवातीचा भाग पाहून बांधलेल्या अंदाजाला त्रेचाळिसाव्या मिनिटाची खबर नसते. एक खूण मात्र मी पाहायला हवी होती. खऱ्या २९.९७ च्या फाइलमध्ये सरासरीचा छेद १००१ असतो आणि आर फ्रेम रेटसुद्धा ३००००/१००१ येतो. येथे एक ३०/१ आणि दुसरा ४३१५/१४४, म्हणजे दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते. हे दोन आकडे वेगळे दिसले की फ्रेम रेट बदलता असल्याचा दाट संशय घ्यावा आणि सरळ पॅकेटकडे, म्हणजे फाइलमधील एकेका फ्रेमच्या नोंदीकडे, वळावे.

एफएफप्रोब -व्ही एरर -सिलेक्ट_स्ट्रीम्स व्ही:० -शो_एन्ट्रीज पॅकेट=पीटीएस_टाइम,ड्युरेशन_टाइम -ओएफ सीएसव्ही=पी=० कीर्तन.एमपी४ > पॅकेट.सीएसव्ही

या कमांडने प्रत्येक फ्रेमची वेळ आणि ती किती काळ पडद्यावर राहायची तो कालावधी अशी दोन रकान्यांची फाइल तयार होते. तासाभराच्या व्हिडिओत लाखाहून अधिक ओळी असतात, पण ती कोणत्याही तक्ता-प्रणालीत उघडून दुसऱ्या रकान्यावर चाळणी लावली की काम एका मिनिटाचे उरते. कीर्तनाच्या फाइलमध्ये जवळजवळ सर्वत्र ०.०३३३३३ हा एकच आकडा होता. ३० चा हिशेब तोच. २५८० व्या सेकंदाला तो ०.०४१६६७ झाला, सलग ६०० ओळी तसाच राहिला आणि २६०५ व्या सेकंदापासून पुन्हा ०.०३३३३३ वर आला. ०.०४१६६७ म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम. पंचवीस सेकंद २४ च्या गतीने, म्हणजे दर सेकंदाला ६ याप्रमाणे १५० फ्रेमची तूट. हिशेब पूर्ण जुळला.

संशयित वेळ आधीच ठाऊक असेल तर सगळी फाइल चाळण्याचीही गरज नसते. "-रीड_इंटर्व्हल्स २५८०%+४०" एवढे जोडले की २५८० व्या सेकंदाच्या आसपासून पुढचे ४० सेकंदच वाचले जातात. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये हे लिहिताना टक्क्याचे चिन्ह दोनदा द्यावे लागते, नाही तर ते गिळले जाते आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला काय घडले होते, ते आकड्यांत नव्हते. व्हिडिओ तेथे नेऊन पाहिला तेव्हा कळले. लाइन गेली होती. जनित्र सुरू होईपर्यंतची पंचवीस सेकंदे सभागृहात बुवांच्या बाजूच्या दोन समयांचाच उजेड होता, कूलर थांबल्यामुळे एकदम शांतता पसरली होती आणि बुवा न थांबता अभंग म्हणत राहिले होते. बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला लाइन गेल्याचा फरक पडला नाही, पण उजेड कमी झाल्याचे त्याच्या कॅमेऱ्याने ओळखले, प्रत्येक फ्रेमला अधिक प्रकाश मिळावा म्हणून गती २४ वर आणली आणि दिवे येताच पुन्हा ३० केली. मंद प्रकाशात असे करणे ही अनेक मोबाइलमधील नेहमीची सोय आहे, बिघाड नव्हे.

यावरून माझा तोडगा का फसला तेही उघड झाले. ३० च्या टाइमलाइनवर पहिली ४३ मिनिटे निर्दोष होती आणि त्यानंतर शेवटपर्यंत चित्र ५ सेकंद पुढे होते. मी २९.९७ सांगितल्यामुळे निर्दोष भागात चित्र हळूहळू मागे पडू लागले, ४३ व्या मिनिटाला ते २.६ सेकंद मागे होते, लाइन गेलेल्या पंचवीस सेकंदांत एकदम २.४ सेकंद पुढे गेले आणि शेवटाकडे ती तफावत घटत ०.७ सेकंदावर आली. फक्त दोन टोके तपासणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. तेव्हापासून मी तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारतो की तफावत कोणत्या मिनिटाला सुरू होते, आणि त्या मिनिटानंतर ती वाढत जाते की तेवढीच राहते.

उपाय असा, की कमी गतीने टिपलेल्या भागातील फ्रेमचे खड्डे भरून फाइल स्थिर फ्रेम रेटची करायची आणि मगच ती टाइमलाइनवर न्यायची:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमपी४ -व्हीएफ एफपीएस=३० -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -सी:ए कॉपी कीर्तन-स्थिर.एमपी४

एफपीएस फिल्टर नोंदवलेल्या वेळा पाहून जेथे फ्रेम अपुऱ्या आहेत तेथे आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवतो. आवाज जसाच्या तसा नकलला जातो, कारण त्याच्यात दोष नव्हताच. सीआरएफचा आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. संपादनासाठीच्या प्रतीला १८ योग्य वाटतो, त्याहून खाली जाण्याने डिस्क भरते, डोळ्यांना फरक कळत नाही. रूपांतर झाल्यावर पहिली कमांड नव्या फाइलवर चालवावी. आमच्या फाइलने सरासरी ३०/१ आणि फ्रेम १,२९,६०० असे उत्तर दिले, आणि समयांच्या उजेडातला अभंगही जुळला. मूळ फाइल मात्र काम पोहोचते होईपर्यंत पुसू नये.

प्रत्येक तफावत अशी पायरीसारखी नसते. ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकसारखी असेल तर दोन्ही स्ट्रीमचे स्टार्ट टाइम पाहावेत. एएसी आवाजाच्या एका फ्रेममध्ये १०२४ नमुने असतात, त्यामुळे ४८,००० च्या सॅम्पल रेटला ०.०२१३३३ सेकंदाचा फरक वारंवार दिसतो. तो कानाला कळत नाही आणि त्याच्या मागे लागू नये. फरक अर्धा-पाऊण सेकंद असेल तर टाइमलाइनवर आवाज तेवढा सरकवला की काम झाले. तफावत सावकाश आणि सारख्या दराने वाढत असेल आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल, तर दोष दोन यंत्रांच्या घड्याळांतला आहे. एफएफप्रोब तेथे दोन्ही फाइलींचे कालावधी देईल, पण ते कुठून कुठपर्यंत जुळवायचे ते जुळवणीसाठी चित्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी वाजवलेली टाळी पाहूनच ठरवावे लागते. आणि ४४,१०० चा आवाज ४८,००० चा समजून वाजवला गेला असेल तर तपासणीची गरजच पडत नाही: तासाभराचा आवाज ५५ मिनिटे ७.५ सेकंदांत संपतो आणि धीरगंभीर बुवा चढ्या स्वरात, घाईघाईने बोलू लागतात.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा उघड्या मांडवात तासभर चित्रण करणारा मोबाइल तापतो आणि काही मोबाइल अधूनमधून फ्रेम गाळू लागतात. अशा फाइलमध्ये दुसऱ्या रकान्यात ०.०६६६६७ असे एकटे-दुकटे आकडे विखुरलेले आढळतात, आणि शेवटाकडे ते दाट होत जातात. उपाय तोच, एफपीएस फिल्टरचा. मात्र गाळलेली फ्रेम परत येत नाही, हालचालीतला झटका राहतोच.

खुद्द साधनाबाबत दोन-तीन अडचणी वारंवार विचारल्या जातात. एफएफप्रोबला नुसते फाइलचे नाव दिले आणि उत्तर मजकूर फाइलमध्ये वळवले, तर ती फाइल रिकामी निघते, कारण ती ढोबळ माहिती चुकांच्या प्रवाहात छापली जाते. "-शो_" ने सुरू होणारे पर्याय दिले की मागितलेले उत्तर नेहमीच्या प्रवाहात येते आणि फाइलमध्ये उतरते. नावात जागा असेल, जसे "कीर्तन दिवस दुसरा", तर ते अवतरणचिन्हांत घालावे, अन्यथा आधीच एक नाव दिले असताना दुसरे कशाला, अशा अर्थाची तक्रार होते. एमकेव्ही फाइलमध्ये एनबी_फ्रेम्ससमोर "एन/ए" दिसते. तेथे "-काउंट_पॅकेट्स" जोडून एनबी_रीड_पॅकेट्स मागावे, म्हणजे फाइल वाचून मोजणी होते. "-काउंट_फ्रेम्स"सुद्धा चालते, पण ते प्रत्येक फ्रेम उलगडून मोजत असल्याने लांब फाइलला फार वेळ लागतो.

आणि "मूव्ह ॲटम नॉट फाउंड" असा संदेश आला तर फ्रेम रेटचा विचारच सोडून द्यावा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका या ॲटममध्ये असते आणि बहुतेक कॅमेरे ती चित्रण थांबवल्यावर शेवटी लिहितात. बॅटरी संपली, कार्ड ओढून काढले किंवा फाइल अर्धवट नकलली गेली की चित्र असते, पण ते कुठे आहे हे सांगणारा भाग नसतो. आधी मूळ कार्डवरून पुन्हा नक्कल करून दोन्ही फाइलींचे आकारमान बाइटपर्यंत ताडून पाहावे, कारण निम्म्या वेळा दोष नकलेतच निघतो. कार्डवरची फाइलही तशीच असेल तर त्याच मोबाइलवर त्याच सेटिंगमध्ये काही सेकंदांचे नवे चित्रण करून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्या बहुतेक साधनांना नमुना म्हणून अशी एक धडधाकट फाइल लागते. कार्डवर मात्र त्या काळात दुसरे काहीही लिहू नये, नमुन्याचे चित्रणसुद्धा वेगळ्या कार्डवर घ्यावे.

समितीच्या मोबाइलमध्ये आता मंद प्रकाशात गती आपोआप कमी करण्याची सोय बंद करून ठेवली आहे; आयफोनमध्ये ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली ऑटो एफपीएस या नावाने सापडते, इतर मोबाइलमध्ये तिचे नाव आणि जागा वेगळी असू शकते. लाइन गेली तर चित्र काळपट येईल, हे काकांना सांगितले. ते म्हणाले, "येऊ द्या, समईपुरतं तर दिसते ना."